मदत हवी आहे: पोटातलं पाणी काढताना अल्ब्युमिन नेमकं कधी सुरू करता?

सिऱ्होसिसच्या (यकृत निबर होण्याच्या आजाराच्या) पेशंटच्या पोटातून ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं की लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, शिरेतून द्यायचं), याबद्दल शंका नाही. ६ लिटरला २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या दोन बाटल्या, म्हणजे ४० ग्रॅम, हिशेबात बसतात. रक्तातलं पाणी वाहिनीत धरून ठेवणारा प्रथिनांचा दाब साधारण २५ मिमी पारा. त्यातला पाऊण वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. ते भरलं नाही तर पोटाचा दाब उतरल्यावर वाहिन्या सैलावतात, लघवी कमी होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावल्याची रक्तातली खूण) चढतं, सोडियम उतरतं.

अडचण वेळेची आहे. सगळं पाणी काढून झाल्यावर बाटली लावायची, की ३-४ लिटर निघाल्यावरच? बीपी आधीच ९०च्या आसपास असेल तर थांबणं जिवावर येतं. पण घाईने सोडलं तर बाहेरचं पाणी वाहिनीत ओढलं जाऊन छातीत भरतं, विशेषतः हृदय कमकुवत असेल तर. अशा वेळी तासाला किती मिली ठेवता?

दुसरं, पाणी ४ लिटरच निघालं पण क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे, तर अल्ब्युमिन देता का? वॉर्डात प्रत्यक्ष काय करता, आकड्यांसकट सांगा.