गारपीट म्हणजे नुसत्या गारा की नुकसान?

आर्द्रा:
सातवी-आठवीच्या मुलांसाठी हवामानावरचा मजकूर मराठीत करते आहे. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पाच मिनिटं गारपीट झाली आणि लगेच ऊन पडलं.' संपादकांनी 'गारपीट' खोडून 'गारा पडल्या' केलं. त्यांचं म्हणणं, नुकसान झाल्याशिवाय गारपीट म्हणत नाहीत. मला हा फरक कधी जाणवला नव्हता. शिवाय कडाक्याच्या थंडीत बर्फाचे बारीक दाणे पडतात, त्यांनाही गाराच म्हणायचं का?

बोरू:
संपादकांचं बरोबर आहे. 'पीट' हे पिटणे या क्रियापदातलं, मारपीटमधलं तेच. पिकं झोडपली गेली, पत्र्यांना भोकं पडली, की ती गारपीट. गारा पोरं वेचतात. गारपिटीत कोणी पोरांना बाहेर सोडत नाही.

कातळ:
नाही पटलं. 'गारपिटीचा इशारा' असं आपण सर्रास वाचतो. इशारा देताना नुकसान झालेलं असतं का? गारांचा वर्षाव म्हणजे गारपीट, एवढंच. आणि पिटण्याचं मूळ तरी कुठे ठरलंय? आमची आजी सांगायची, जमीन पीठ सांडल्यासारखी पांढरी होते म्हणून गारपीट.

बोरू:
आजींची कल्पना सुरेख आहे, पण 'पीठ'चं 'पीट' आणखी कुठल्या शब्दात झालंय ते दाखवा. एका शब्दासाठी नियम वाकवायचा नसतो.

सांजवेळ:
मला 'पीट'पेक्षा 'गार' जास्त छळतो. थंड म्हणून गार, असं सगळे धरून चालतात. पण गारगोटीतली गार थंड नाही, दगड आहे. चकमक झाडायची तीही गारच. माझं मत असं की आभाळातून पडते ती गार आधी दगड आहे आणि मग थंड.

प्राजक्त:
एवढा घोळ कशाला? संस्कृतात 'करका' आहे. 'करकापात' म्हटलं की दगडही नको आणि पीठही नको. पाठ्यपुस्तकात तरी प्रमाण शब्द असावा.

कातळ:
करकापात वाचून कुठलं पोर खिडकीकडे धावेल? जो शब्द घराघरांत आहे तो पुस्तकात चालत नाही, हे मला कधीच मान्य होणार नाही.

निरभ्र:
आर्द्रा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो मागेच पडला. हवामानशास्त्रात व्यास ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तरच ती गार. गार वाढायला उंच गर्जन्मेघ आणि त्यातला जोरदार वर चढणारा वारा लागतो. तो दाण्याला वर तोलून धरतो आणि शून्याखालच्या तापमानातही न गोठलेले पाण्याचे थेंब त्याच्यावर चिकटत जातात. मोठी गार मधोमध कापली तर एक थर काचेसारखा आणि पुढचा दुधाळ दिसतो. पाणी सावकाश गोठलं तिथे काच, झटकन गोठून हवेचे बुडबुडे अडकले तिथे दूध. जमीन तापल्याशिवाय असा वारा सहसा उठत नाही, म्हणून ऐन थंडीत पडतं ते बहुतेक वेळा वेगळंच असतं. पावसाचे थेंब जमिनीजवळच्या थंड हवेतून येताना गोठतात, त्यांना 'हिमगोळ्या' म्हणावं. आणि बोटांनी चिरडला जाणारा पांढरा मऊ दाणा असेल तर 'कच्ची गार'.

सांजवेळ:
'कच्ची गार' फार आवडलं. आणि अमेरिकेत साउथ डकोटातल्या विवियनला २३ जुलै २०१० रोजी पडलेली? व्यास २० सेंटिमीटर, वजन जवळजवळ ९०० ग्रॅम. तिला गार म्हणायला जीभ वळत नाही, धोंडाच तो.

प्राजक्त:
'हिमगोळ्या' चालेल. 'कच्ची गार' नको, पारिभाषिक शब्दाला भारदस्तपणा हवा. त्याच मजकुरात वादळ असेल तर 'मेघगर्जना' लिहा, 'गडगडाट' नको.

निरभ्र:
उलट 'मेघगर्जना'च चुकीची समजूत करून देते. ढग गरजत नाहीत. विजेच्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी फुगते, तो आवाज.

बोरू:
मग 'विजांचा कडकडाट आणि ढगांचा गडगडाट' हे आपण दोन आवाज म्हणून बोलतो, ते काय?

निरभ्र:
उगम एकच, ऐकणाऱ्याचं अंतर वेगळं. वीज जवळ पडली की आवाज कोरडा, फाडल्यासारखा येतो: कडकडाट. दूर असली की कित्येक किलोमीटर लांबीच्या त्या वाटेच्या प्रत्येक टप्प्याचा आवाज मागेपुढे पोहोचतो, तीक्ष्ण स्वर हवेत विरतात आणि लांबलेली घरघर उरते: गडगडाट. लखलखाट आणि आवाज यांत ३ सेकंदांमागे साधारण १ किलोमीटर धरा. भाषेने अंतर किती नेमकं टिपलंय बघा. मुलांना हे दोन्ही शब्द शिकवाच.

कातळ:
हे शंभर टक्के मान्य. फक्त 'ढगांचा गडगडाट' यातला 'ढगांचा' खोडू नका.

बोरू:
का खोडू नये? चूक कळल्यावरही ठेवायची?

कातळ:
सूर्य 'उगवतो' हे ठेवलंच आहे ना आपण.

प्राजक्त:
सूर्याचं वेगळं आहे. तिथे पर्यायी शब्दच नाही, इथे आहे.

सांजवेळ:
आणि जी वीज फक्त दिसते, आवाज येतच नाही, तिचं काय? आवाज फार तर १५-२० किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, त्यापलीकडची वीज नुसती दिसते. आमच्याकडे तिला 'वीज लवते' म्हणतात, 'चमकते' नाही. तुमच्याकडे?