रि: रि: रि: शनिवारचे ढोल कुठे आहेत?

वैशाली, बुधवार १९ ऑक्टोबर २०२२, रात्री ९:१२

मंडळी, आत्ताच तळघरात जाऊन आले. तोरणं आहेत, समया आहेत, रांगोळीचे डबे आहेत (पांढरी संपलीये, कोणीतरी आणा). ढोल मात्र तीनच. पाच होते. मंदार, दोन कुठे गेले? शनिवारी साडेपाचला दिवाळीच्या कार्यक्रमाची सुरुवातच ढोलांनी आहे, पत्रिकेत छापलंय.

मंदार, ९:३१

माझ्याकडे आहेत. एक ताशाही. शनिवारी तीनला इथे बर्लिनला ग्रोसर श्टेर्न चौकात, विजयस्तंभापाशी, हिजाबावरून पोलीस कोठडीत गेलेल्या महसा अमिनीसाठी इराणी लोकांचा मोठा मोर्चा आहे. ऑफिसातल्या सहकारिणीने विचारलं, मी हो म्हटलं. पथकातले आम्ही चौघं वाजवायला जातोय. साडेचारला निघू, पाचला हॉलवर. सांगणारच होतो.

वैशाली, ९:३८

"सांगणारच होतो" हे गणपतीतही ऐकलं होतं.

सुहास (खजिनदार), १०:५०

सप्रेम नमस्कार.

मंडळाची वस्तू बाहेर द्यायची तर वहीत सही आणि ५० युरो अनामत, हा नियम ट्रॉली प्रकरणानंतर आपण सगळ्यांनी मिळून केला. वहीत सही नाही, अनामत नाही.

दुसरं. आपण नोंदणीकृत, करमाफी असलेली संस्था आहोत. २०१९ साली 'अटॅक' या जागतिकीकरणावर टीका करणाऱ्या संघटनेचं काय झालं आठवतंय ना? इथल्या सर्वोच्च कर न्यायालयाने सांगितलं की राजकीय मोहिमा चालवणं सार्वजनिक हिताच्या व्याख्येत बसत नाही. ढोलांवर मंडळाचं नाव वीतभर अक्षरांत रंगवलंय. उद्या पेपरात फोटो आला की कर कार्यालयाला खुलासा मी लिहायचा. त्या मुलीबद्दल मलाही वाईट वाटतं, प्रश्न तो नाही. मोर्चा कोणत्या पक्षाचा आहे हे तरी विचारलंत का?

ओंकार, ११:०४

सुहासदादा, अटॅक वर्षानुवर्षं स्वतः मोहिमा चालवत होती. आपण दोन ढोल उसने देतोय. चर्चच्या जत्रेला दिले तेव्हा आपण ख्रिस्ती झालो होतो का?

मंदार, ११:२०

पक्षाचा नाही. हाक दिलीय हामेद एस्माईलियन यांनी. टोरांटोतले दंतवैद्य. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं ७५२ नंबरचं विमान तिथल्याच क्षेपणास्त्रांनी पाडलं, १७६ माणसं गेली, त्यात यांची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. त्या कुटुंबांच्या संघटनेतून ते पुढे आले. या महिन्याच्या एक तारखेला जगभर दीडशेच्या आसपास शहरांत लोक जमले तेही याच हाकेवर. आता युरोपभरातून सगळे एका ठिकाणी, बर्लिनला येतायत. बसेस भरून.

झेंडे मात्र तिथे सगळ्या तऱ्हेचे असतील, सिंह-सूर्याचा (शहांच्या काळातला), कुर्दांचा, काहीच नसलेला. आपल्या ढोलाला कोणताच बांधू देणार नाही, हे कबूल करून घेतलंय. अनामत उद्या देतो.

प्राची, गुरुवार, सकाळी ७:१५

मला राजकारणातलं फार कळत नाही, पण मंडळाचं नाव झाका. माझा धाकटा दीर बोटीवर आहे. रत्नागिरीची आणखी दोन मुलं आहेत त्याच कंपनीत. त्यांची बोट बंदर अब्बासला लागते. आमचं आडनाव मंडळाच्या वेबसाइटवर कार्यकारिणीत आहे. कोण कुठे काय जोडेल सांगता येत नाही. घाबरट म्हणा हवं तर.

मंदार, ७:४०

प्राचीताई, अजिबात नाही. काळी चिकटपट्टी लावतो.

वैशाली, ७:४२

चिकटपट्टी नाही!! रंग निघतो. जूनमध्ये काय झालं ते बघितलंय.

अनघा, ८:०५

जुनी साडी गुंडाळा.

मंदार, ८:११

साडी दोऱ्यांत अडकते. वाजवता वाजवता ढोल पुन्हा आवळायला लागला तर आधी साडी सोडत बसायचं का?

प्राची, ८:३०

खोळी शिवून देते. वरून घालायच्या, खाली नाडी. आज रात्री माप घेऊन ठेव. घेर नीट मोज, वाजवायचं पान नाही, पोटाचा घेर.

नाना, दुपारी १२:४५

चि. सुहास,

तुझी वही आणि तुझी अनामत योग्यच आहे. पण ५५ वर्षांपूर्वीची एक गोष्ट या निमित्ताने सांगतो. ज्यांनी ऐकली आहे त्यांनी पुढे जावं.

२ जून १९६७. मला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. इराणचे शहा बर्लिनला आले होते. संध्याकाळी बिस्मार्कश्ट्रासेवर डॉइचे ऑपेरात त्यांच्यासाठी खेळ होता. माझा खोलीतला सोबती इराणी, शिराझचा. तो निदर्शनाला गेला आणि मला म्हणाला, तू येऊ नकोस, तुझा व्हिसा नवा आहे. दुपारी नगरभवनासमोर शहांच्या बाजूच्या लोकांनी काठ्यांनी विद्यार्थ्यांना झोडपलं, पोलीस बघत राहिले. रात्री ऑपेराजवळच्या एका आवारात पोलिसाच्या गोळीने बेनो ओनेसोर्ग नावाचा जर्मन विद्यार्थी मेला. २६ वर्षांचा. दुसऱ्या कोणाच्या तरी देशासाठी रस्त्यावर आलेला पोरगा. (तो पोलीस पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याचा माणूस होता हे २००९ मध्ये बाहेर आलं. तो विषय वेगळा.) सोबती पहाटे परतला तो कपाळाला रुमाल बांधून. मी त्याला चहा करून दिला. मी केलं ते एवढंच.

आणीबाणीत अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी 'इंडियन्स फॉर डेमॉक्रसी' काढली, त्यांतल्या काहींचे पासपोर्ट जप्त झाले. इकडे आम्ही गणपतीच्या वर्गणीवर बोलत होतो. मलाही एकाने सांगितलं होतं, नाना, पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलंय, गप्प बसा. मी बसलो. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून, यशवंतराव चव्हाण समोर असताना, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी लोकांना उभं राहायला लावत होत्या. पुढे त्यांना तुरुंग भोगावा लागला.

ढोल जाऊ दे. वहीत सही माझी घे.

सुहास, १:३०

नाना, तुमचा आदर आहेच. पण शहा गेले आणि त्यानंतर काय आलं? तेव्हा ज्यांनी टाळ्या पिटल्या त्यांनी नंतर हात वर केले. आपण इथे ढोल बडवून तिकडे कोणाची सत्ता जाणार आहे?

नाना, १:५८

बरोबर आहे. ८ मार्च १९७९ ला तेहरानमध्ये हजारो बायका हिजाबसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. क्रांतीला महिना होत होता. बाहेरच्या आम्हा लोकांना तेव्हा ते किरकोळ वाटलं. सोबती त्याच वसंतात परत गेला होता, आनंदाने. १९८१ नंतर त्याचं पत्र नाही.

सत्ता जाईल असं मी म्हटलेलं नाही.

अनघा, २:२०

विषयांतर करते, पण 'ताशा' हा शब्दच मुळात फारसीकडून आलाय. त्यांच्याकडे ढोलाला 'दोहोल' म्हणतात. आणि त्यांची घोषणा, ज़न, ज़िंदगी, आज़ादी, आपल्याला भाषांतर न करता कळते. ज़न म्हणजे आपल्या जनानखान्यातला तोच. मूळ घोषणा कुर्दी आहे, महसा अमिनी कुर्दच, साक़ेझची. घरचे तिला जीना म्हणत.

अरविंदराव, २:४१

महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्द घालवायला. एवढंच नमूद करतो.

अनघा, २:४४

"नमूद" फारसीच आहे, अरविंदराव.

ओंकार, ४:१०

ज्यांना मोर्चाला यायचं नाही पण काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी: ब्राउझरला 'स्नोफ्लेक' एक्स्टेन्शन लावा. तिकडे सरकार संध्याकाळी मोबाइल इंटरनेट बंद करतं, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप अडवलेत. हे लावलं की तुमच्या ब्राउझरमधून तिथल्या माणसाला टॉरच्या (ओळख लपवून इंटरनेट वापरायच्या) जाळ्यापर्यंत वाट मिळते. तो ज्या संकेतस्थळावर जाईल तिथे तुमचा पत्ता दिसत नाही, कारण बाहेर पडायचं दार दुसरीकडेच असतं. दोन मिनिटांचं काम आहे. सुहासदादा, याला वही लागत नाही.

अरविंदराव, ६:०२

लावलं. चिन्ह जांभळं झालं. आता माझी मालिका अडकतेय. संबंध आहे का?

ओंकार, ६:०५

नाही काका. तुमचं वायफाय स्वयंपाकघरात आहे.

मंदार, रात्री १०:१५

येणाऱ्यांसाठी सहकारिणीकडून दोन गोष्टी.

एक, फोटो. कोणाचाही चेहरा ओळखू येईल असा फोटो कुठेही टाकायचा नाही, आपल्या ग्रुपवरसुद्धा नाही. तिचे आईवडील इस्फहानला आहेत. पाठमोरे, हात, ढोल, चालेल. तिचा मामा ऐंशीच्या दशकात पुण्यात वाडियाला शिकला, ढोल तिने पहिल्यांदा त्याच्या कॅसेटवर ऐकला म्हणे. म्हणून आपल्याला विचारलं.

दोन, तिथे दंगा करायचा नाही, ताल धरायचा. घोषणा चालू असताना ढोल थांबवायचा, मग उचलायचा.

काल इराणची क्लाइंबर एल्नाझ रेकाबी सोलच्या स्पर्धेहून तेहरानला परतली. हिजाबाशिवाय भिंत चढली म्हणून तिचं काय होणार याची ऑफिसात दिवसभर चर्चा. पहाटे विमानतळावर लोक टाळ्या वाजवत उभे होते. सहकारिणी तो व्हिडिओ आवाज बंद करून बघत होती.

वैशाली, १०:२२

हे सगळं ठीक आहे. ढोल पाचला हॉलवर कसे येणार? '१७ जून' नावाचा रस्ता बंद, १०० नंबरची बस वळवणार, गाडी आत जाणार नाही.

मंदार, १०:३०

गाडी झू स्टेशनपाशी, हार्डेनबर्गप्लाट्झला. तिथपर्यंत चालत.

वैशाली, १०:३३

पंचवीस मिनिटं. ढोलासकट पस्तीस. गर्दीत तास.

अनघा, १०:४०

हान्साप्लाट्झहून यू९ मेट्रो, ग्युंट्झेलश्ट्रासेला उतरा, हॉल पाच मिनिटांवर. गाडी विसरा. लिफ्टच्या भरवशावर राहू नका.

वैशाली, १०:४४

मी तीन ढोलांवर सुरुवात बसवते. आलात तर आलात.

मंदार, रविवार २३ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

उशिराबद्दल माफी. साडेचारला निघायला लागलो तर पुढे-मागे हलायला जागा नाही. पोलिसांचा आकडा ८०,००० आहे. "ढोल, ढोल" असं जर्मनमध्ये ओरडत दोघी जणी पुढे चालल्या, लोक बाजूला होत गेले, तरी हान्साप्लाट्झला पोचायला पाऊण तास. आधी एका आजींनी ताशाची काडी हातातून घेतली आणि असा काही ठेका धरला की आमचा विराज गप्प उभा राहिला.

ढोल तळघरात ठेवले. पानं शाबूत. सही केली.

सुहास, ११:५५

पाहिले. पानं ठीक. टिपरू दोन कमी. अनामतीतून सहा युरो कापतो, बाकी ४४ मंगळवारी. हॉलवर सहा वाजून दहा मिनिटांनी पोचलात, तशी नोंद केली आहे. पुढच्या बैठकीत विषय: मालमत्ता उसनी देण्याचे नियम.

(पेपरातले फोटो सगळे पाहिले. खोळीच दिसतात.)

प्राची, १२:१०

एका खोळीवर फारसीत काहीतरी लिहून आलंय. मार्कर आहे, दोनदा धुतलं, निघत नाही. दुसरी शिवू का?

नाना, १२:३०

राहू दे. टिपरू माझ्याकडे दोन जुने आहेत, सुहासला सांगा.

वैशाली, १२:३४

पांढरी रांगोळी शेवटी कोणीच आणली नाही. मी तांदळाच्या पिठाने काढली. उद्या लक्ष्मीपूजनाला तरी कोणी आणणार आहे का?