भावासाठी मशरूम मागवण्याआधी

'मशरूमनं दारू सुटते, भावासाठी गोव्याहून मागवू का?' असं वर विचारलंय. कृपा करून मागवू नका. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सायलोसायबिननं (नशेच्या मशरूममधलं द्रव्य) अति पिण्याचे दिवस सुमारे 10 टक्क्यांवर आले, ते न मिळालेल्या गटात 24 टक्के राहिले, हे खरंच आशादायक आहे. पण डोस दोनच, आणि सोबत बारा आठवडे मानसोपचार! डोसच्या दिवशी थेरपिस्ट तासन्‌तास शेजारी बसलेले. रुग्ण आडवा पडलेला, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. घरच्या खोलीत हे कोण करणार? शिवाय आपल्याकडे हा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. भावाला मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्या. रोज पीत असेल तर दारू एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते.