व्हेलाला दिसलं ते काय होतं?

खगोलवेडी: २२ सप्टेंबर १९७९. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या निर्मनुष्य समुद्रावर 'व्हेला ६९११' या अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी उपग्रहाने लागोपाठ दोन लखलखाट टिपले. हवेतल्या अणुस्फोटाची ही खूणच. पहिला लखलखाट जेमतेम मिलिसेकंदाचा, मग धक्कालहर उजेड झाकते, ती विरली की दुसरा, जास्त टिकणारा. तरी कार्टर सरकारने नेमलेली रुइना समिती १९८० मध्ये म्हणाली, बहुधा स्फोट नव्हे, उपग्रहावर बारीक अवकाशकण आदळला असेल. मला वाटतं, यंत्राने काम चोख केलं, ऐकायचं नव्हतं ते माणसांना.

शंकासुर: चोख कसलं! त्याच उपग्रहावरच्या दोन भांगमीटरांच्या, म्हणजे लखलखाट मोजणाऱ्या प्रकाशमापकांच्या, नोंदी आपसात जुळत नव्हत्या. उपग्रह १९६९ चा, म्हातारा झालेला. (हो, भांगमीटर. आपल्या भांगेवरूनच. असलं यंत्र चालेल असं मानणारा भांग पिऊन असणार, ही भौतिकशास्त्रज्ञ फ्रेड राइन्स यांची थट्टा.)

खगोलवेडी: जुळत नव्हत्या, कबूल. पण पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीला त्याच दिवशी आयनमंडलात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) सरकणारी लाट दिसली आणि अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने समुद्रातले आवाजही तपासून स्फोटाच्या बाजूनेच कौल दिला. एकच साक्षीदार नव्हता.

शंकासुर: समितीला ते पुरावेही पटले नाहीत. आणि आकाशातून फसगत होते हो. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत 'ओको' उपग्रहांनी पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं निघाल्याचं सांगितलं. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन होतं ते! तिथे पहाऱ्यावर असलेल्या पेत्रोव्ह या सोव्हिएत अधिकाऱ्याने विचार केला, पाचच क्षेपणास्त्रांनी युद्ध कोण सुरू करतं? आणि वरिष्ठांना 'खोटा इशारा' असं कळवलं.

खगोलवेडी: पण ती घाई हल्ल्याच्या इशाऱ्याची. पेत्रोव्हकडे मिनिटं होती, रुइनांकडे महिने. दोन्ही एका मापाने मोजू नका.

वाळवंटातला उंट: आपलं पोखरण विसरलात? १९९५ मध्ये अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांनी तयारी हेरली आणि चाचणी बारगळली. १९९८ ला आपण कामं रात्री उरकली, ११ मे उजाडला तरी त्यांना पत्ता नाही. जमिनीखालच्या स्फोटाला भांगमीटर काय करणार? तिथे भूकंपमापकच हवा.

शंकासुर: उंटराव, हेच तर म्हणतोय.

खगोलवेडी: तुम्ही म्हणताय 'भरवसा नको', ते म्हणताहेत 'एकट्यावर नको'. फरक आहे. बाकी व्हेलांना १९६७ मध्ये गॅमा किरणांचा स्फोटही दिसला होता. तो बॉम्ब नव्हे, दूरच्या विश्वातला, हे तपशील ताडून पाहिल्यावरच कळलं आणि १९७३ मध्ये छापून आलं. तेव्हा कुणी उल्काकणाचं नाव घेतलं नाही!

शंकासुर: कारण तेव्हा कुणाला स्फोट करणाऱ्या देशाचं नाव लपवायचं नव्हतं. इथवर तुमच्याशी सहमत. भांगमीटरांच्या न जुळणाऱ्या नोंदींचं मात्र अजून सांगा.