बी विंग ग्रुप : कंपनीच्या जुन्या राउटरचे वाय-फाय बंद करण्याबाबत

बी-१०२ (सचिव) : सर्व सभासदांना नमस्कार. रात्री आठ ते अकराच्या दरम्यान इंटरनेट अडखळते, अशी तक्रार गेल्या महिन्याभरात आपल्या विंगमधील नऊ घरांनी माझ्याकडे केली आहे. या नऊ घरांची कनेक्शने तीन वेगवेगळ्या कंपन्यांची असल्यामुळे दोष एकाच कंपनीचा असावा, असे वाटत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी केलेल्या बी-५०३ च्या काकांनी रविवारी रात्री सर्व मजल्यांवर फिरून पाहणी केली आहे. त्यांना काय आढळले ते त्यांनी येथे सविस्तर लिहावे आणि आज या ग्रुपवर सर्वांनी याच विषयावर बोलावे, ही विनंती.

बी-५०३ : सचिवसाहेब, धन्यवाद. थोडे लांब लिहितो, पण सर्वांनी पूर्ण वाचावे.

रविवारी रात्री साडेनऊ वाजता तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर उभे राहून मी फोनवरील वाय-फाय तपासणीचे ॲप उघडले, तेव्हा एकट्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात ४१ नावे दिसली. आपल्या विंगमध्ये घरे २८ आहेत. काही नावे ए विंगमधली असणार हे धरले, तरी हा आकडा मोठा वाटला म्हणून मी यादी बारकाईने पाहिली. किमान सात घरांत दोन-दोन खोकी चालू असल्याचे त्यातून लक्षात आले : एक कंपनीच्या माणसाने बसवलेले, ज्यात फायबरची वायर येते, आणि दुसरे घरच्यांनी नंतर विकत घेतलेले. नवे खोके आल्यावर घरातले सगळे फोन आणि टीव्ही त्याला जोडले गेले. जुन्याचे वाय-फाय मात्र कोणी बंद केले नाही, आणि काही ठिकाणी ते तीन वर्षे तसेच चालू आहे.

कोणी वापरत नाही म्हणजे ते गप्प बसले आहे, असा आपला समज असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. प्रत्येक वाय-फाय नेटवर्क आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारत असते. या पुकाऱ्याला बीकन म्हणतात आणि एकही फोन जोडलेला नसला तरी तो थांबत नाही. बहुतेक जुनी खोकी हा पुकारा सर्वांत संथ वेगाने, म्हणजे १ एमबीपीएसने करतात, त्यामुळे एकेका पुकाऱ्याला दोन ते तीन मिलिसेकंद लागतात. वाय-फायचा नियम असा आहे की एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या एका भागावर, एका वेळी एकानेच बोलायचे आणि इतरांनी थांबायचे. एका चॅनेलवर अशी चौदा नावे असली, तर दर सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसती नावे पुकारण्यातच जातो आणि उरलेल्या वेळात सर्वांचे अभ्यास, मीटिंगा आणि मालिका बसवाव्या लागतात.

चॅनेल बदलून हे सुटेल का, असे कोणी विचारेल. हा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. एका नेटवर्कला त्यातली साधारण २० मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणून यादीत १ ते १३ चॅनेल दिसत असले, तरी एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ असे तीनच उरतात. आपल्याकडे हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तेव्हापासून तो कोणीही वापरू शकतो, पण त्यात हक्काची जागा कोणालाच नाही, तेव्हा जागा मोकळी करायची ती आपण एकमेकांच्या संमतीनेच.

रात्रीच्या संथपणाचे हेच एकमेव कारण आहे, असे माझे म्हणणे नाही. कंपन्यांकडेही त्या वेळी गर्दी असते. मात्र एवढा भाग आपल्या हातातला आहे आणि त्याला एक रुपयाही खर्च नाही.

बी-६०४ : काका, फारच उपयुक्त माहिती दिलीत. आमच्याकडेही दोन खोकी आहेत आणि त्यांपैकी जुन्याचे वाय-फाय चालू असल्याचे आता तपासून पाहिले. जुन्या खोक्याचा प्लग काढून टाकला तर काम सोपे होईल का?

बी-५०३ : नाही दादा, तसे करू नये. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे आपल्या नेहमीच्या नेटवर्कमध्ये रूपांतर तेच खोके करते आणि तुमचा नवा राउटर त्याच्याच लॅन पोर्टमधून, म्हणजे वायर लावायच्या खाचेतून, इंटरनेट घेतो. त्याचा प्लग काढला की घरातले सगळेच बंद पडेल. आपल्याला खोके चालू ठेवून त्यातले फक्त वाय-फाय बंद करायचे आहे.

बी-२०१ : नमस्कार. आमच्याकडे मुलाने दिवाळीत नवा राउटर आणून बेडरूममध्ये बसवला आणि तो परत बंगळूरला गेला. जुने खोके हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटामागे आहे आणि त्याच्यावर हिरवे दिवे लागलेले असतात. मला यातले काही कळत नाही, पण माझ्यामुळे कोणाच्या मुलांच्या अभ्यासात अडथळा येत असेल तर तो दूर व्हावा, असे मनापासून वाटते. त्याच खोक्याला आमचा लँडलाइन फोनही जोडलेला आहे. वाय-फाय बंद केले तर तो बंद पडेल का? हे रोज सकाळी त्यावरूनच त्यांच्या बहिणीशी बोलतात.

बी-५०३ : काकू, फोन बंद पडणार नाही. लँडलाइनची वायर खोक्याच्या वेगळ्या पोर्टमध्ये आहे आणि तिचा वाय-फायशी काही संबंध नाही. खोक्याला वीज आणि फायबर मिळत राहिले की झाले. वायरने जोडलेला सेट-टॉप बॉक्सही तसाच चालू राहील.

आता कृती सांगतो. प्रत्येक कंपनीच्या खोक्याचा पडदा थोडा वेगळा असतो, तेव्हा शब्द इकडे-तिकडे होतील. लॅपटॉप शक्यतो वायरने खोक्याच्या लॅन पोर्टला जोडावा. ज्या वाय-फायवरून आपण आत शिरलो तेच बंद केले, तर ‘अप्लाय’ दाबताच आपलाच संपर्क तुटतो आणि पुढचे काम अर्धवट राहते. हल्लीच्या अनेक पातळ लॅपटॉपना लॅन पोर्ट नसतो. माझ्याकडे यूएसबीला लावायचा जोड आहे, तो कोणीही घेऊन जावा. ब्राउझरमध्ये खोक्याच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता टाकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, पण चिठ्ठीवर असेल तोच खरा. आत गेल्यावर ‘डब्ल्यूलॅन’ किंवा ‘वायरलेस’ नावाचा विभाग सापडेल. त्यात २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन स्वतंत्र पाने असतात आणि दोन्हींवरील ‘एनेबल’ची खूण काढून प्रत्येक पान वेगवेगळे जतन करावे लागते. एकच पान जतन करून थांबणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. ‘गेस्ट’ नावाचे नेटवर्क चालू असेल तर तेही बंद करावे, कारण त्याचा पुकारा वेगळा असतो. काही खोक्यांना बाजूला वाय-फायचे बटण असते आणि ते काही सेकंद दाबून धरले की वाय-फाय बंद होते, पण त्याच बटणाला अनेकदा डब्ल्यूपीएसचेही, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडून घेण्याचेही, काम दिलेले असते. तेव्हा दाबल्यावर दिवा खरोखर विझला का, ते पाहावे.

एका गोष्टीला मात्र कोणीही हात लावू नये. खोक्याच्या मागे सुईच्या टोकाएवढे छिद्र असते आणि त्याच्याजवळ ‘रिसेट’ लिहिलेले असते. दोन वर्षांपूर्वी वाय-फाय कसे बंद करायचे हे मी कंपनीला फोन करून विचारले, तेव्हा पलीकडच्या मुलाने मला त्या छिद्रात टाचणी घालायला सांगितले आणि मी एवढी वर्षे या क्षेत्रात काढूनही त्याचे ऐकले. त्याने वाय-फाय बंद झाले नाहीच. उलट कनेक्शनचे युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) क्रमांक सगळे पुसले गेले आणि माणूस येईपर्यंत दोन दिवस घरात इंटरनेट नव्हते. त्या दोन दिवसांत नातीची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती आणि ती शेजारच्या बी-५०४ मध्ये बसून द्यावी लागली. ती गोष्ट मला अजून लागते.

बी-३०२ : काका, आमच्याकडे एकच खोके आहे आणि त्याचे वाय-फाय दिवसभर लागते. मुलगा दहावीला आहे, म्हणून रात्री अकरानंतर ते बंद ठेवावे असा आमचा विचार आहे. रोज आत शिरून बंद-चालू करावे लागेल का?

बी-५०३ : ताई, बऱ्याच खोक्यांमध्ये त्याच वायरलेस विभागात वेळापत्रकाची सोय असते. तेथे रात्री ११ ते सकाळी ६ अशी वेळ एकदा लिहिली की रोज आपोआप बंद होते आणि सकाळी चालू होते. मात्र खोक्यातले घड्याळ आधी तपासावे, कारण वेळेचा विभाग भारताचा निवडलेला नसेल तर वाय-फाय भलत्याच वेळी बंद होईल. ज्यांच्याकडे एकच खोके आहे त्यांनी दिवसाही ‘ट्रान्समिट पॉवर’ शंभर टक्क्यांवरून निम्म्यावर आणून पाहावी. आपल्या दोन खोल्यांच्या घरांना तेवढी पुरण्यासारखी आहे आणि आपला आवाज दोन मजले पलीकडे जाणेही कमी होते.

बी-४०१ : मी एक सुचवतो. वाय-फायचे नाव लपवण्याची सोय असते. नाव लपवले तर तोच परिणाम साधणार नाही का? शिवाय रेडिएशनचा मुद्दा कोणीच काढलेला नाही. आमच्या घरी आईचे वय ८२ आहे आणि जुने खोके तिच्या उशापासून हातभर अंतरावर आहे.

बी-५०३ : नाव लपवल्याने पुकारा थांबत नाही, फक्त त्यातली नावाची जागा कोरी राहते, गर्दी तेवढीच राहते. म्हणून लपवणे आणि बंद करणे यांत गल्लत करू नये.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल मला माहीत आहे तेवढेच सांगतो. या लहरींची शक्ती फार कमी असते आणि त्या क्ष-किरणांसारख्या पेशींतील अणूंची मोडतोड करणाऱ्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कारणीभूत’ अशा २-बी गटात ठेवले आहे, हे खरे. ठोस पुरावा नसतानाही शंका पूर्णपणे नाकारता येत नाही, अशा गोष्टींचा तो गट आहे. आईंसाठी घाबरण्याचे कारण नाही. तरीही तुमचे खोके वापरात नसेल, तर त्याचे वाय-फाय बंद केल्याने तुमच्या मनाला स्वस्थता मिळेल आणि विंगलाही फायदा होईल. तेव्हा ते आजच करावे.

मला खरी काळजी आहे ती सुरक्षिततेची. वापरात नसलेल्या खोक्याकडे घरातल्या कोणाचेही लक्ष नसते. त्याचा पासवर्ड अनेकदा बसवणाऱ्या माणसाने ठेवलेला असतो, म्हणजे फोन नंबर किंवा फ्लॅट नंबर. आपल्या नेरुळपासून दोनच स्थानकांवर असलेल्या सानपाड्यात जुलै २००८ मध्ये काय घडले, ते जुन्या रहिवाशांना आठवत असेल. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेला धमकीचा ई-मेल तेथे राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या वाय-फायवरून गेला होता आणि माग काढत पोलीस आधी त्यांच्याच दारात पोहोचले. कनेक्शन ज्याच्या नावावर असते, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

बी-१०२ (सचिव) : हा मुद्दा गंभीर आहे. सोसायटीच्या ऑफिसमध्येही कंपनीचे एक खोके आणि आपण घेतलेला एक राउटर आहे. मी आज संध्याकाळीच जुन्याचे वाय-फाय बंद करतो.

बी-५०३ : सचिवसाहेब, थोडे थांबावे. गेटवरचा कॅमेरा आणि वॉचमनकडचा टॅब ऑफिसच्या नेमक्या कोणत्या वाय-फायला जोडलेले आहेत, ते आधी पाहावे लागेल. खोक्याच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तो कॅमेरा जुन्या नावाला जोडलेला असेल आणि आपण ते बंद केले, तर रात्रभर चित्रण होणार नाही आणि सकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही. यावर सोपा उपाय आहे. जुने बंद केल्यावर नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि तोच पासवर्ड द्यावा, म्हणजे एकेका उपकरणात पुन्हा काही भरावे लागत नाही. घरांमध्येही टीव्ही किंवा गिझरचा स्मार्ट प्लग जुन्या नावाला जोडलेला असेल तर हेच करावे, फक्त तो पासवर्ड फ्लॅट नंबरसारखा सोपा नसावा. स्मार्ट प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे नव्या राउटरचा तो पट्टा चालू ठेवावा.

बी-२०१ : मी कपाट पुढे ओढून खोके उलटे केले. खाली चिठ्ठी आहे, पण अक्षरे फार बारीक आहेत, म्हणून तिचा फोटो येथे टाकला आहे. यातला पत्ता कोणता ते कृपया कोणीतरी सांगावे.

बी-५०३ : काकू, तो फोटो कृपया लगेच काढून टाकावा. त्यावर बोट दाबून ‘सर्वांसाठी डिलीट करा’ निवडावे. त्या चिठ्ठीवर वाय-फायचा आणि खोक्याच्या आत शिरण्याचा, असे दोन्ही पासवर्ड छापलेले आहेत आणि या ग्रुपवर भाडेकरू, जुने रहिवासी, एजंट असे ८६ जण आहेत.

बी-२०१ : काढला. माझ्या लक्षातच आले नाही. आता काही धोका आहे का?

बी-५०३ : घाबरू नका काकू, तुमच्या हातून काही बिघडलेले नाही. मात्र ज्यांनी कोणी तो फोटो पाहिला असेल त्यांनी आपल्या फोनमधूनही काढून टाकावा. आपण आज वाय-फाय बंद करू आणि आत शिरण्याचा पासवर्डही बदलून तुमच्या डायरीत लिहून ठेवू. मी सहा वाजता लॅपटॉप, वायर आणि भिंग घेऊन येतो. खोके उलटे केले आहे, तेव्हा बारीक पिवळी वायर दुमडली गेलेली नाही ना, तेवढे पाहून ठेवावे. ‘लॉस’ असे इंग्रजीत लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर वायरला हात न लावता मला फोन करावा.

बी-२०१ : लाल दिवा नाही. सगळे हिरवेच आहेत. सहा वाजता वाट पाहते.

बी-६०४ : काका, मी आत्ताच दोन्ही पाने जतन केली आणि दिवे विझले. नव्या राउटरवर सगळे व्यवस्थित चालू आहे. कंपनीने पुढे अपडेट पाठवले तर हे पुन्हा चालू होऊ शकते का?

बी-५०३ : होऊ शकते. कंपनीला दुरून त्या खोक्याच्या सेटिंग बदलता येतात आणि माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात एका अपडेटनंतर ५ गिगाहर्ट्झचे पान आपोआप चालू झालेले होते. म्हणून महिन्यातून एकदा फोनवरील यादीत जुने नाव दिसते का, ते पाहावे. ज्यांच्याकडे दोन खोकी आहेत त्यांनी फ्लॅट नंबर आणि सोयीची वेळ मला वैयक्तिक संदेशात कळवावी. आज काकूंकडून निघाल्यावर बी-४०१ कडे येतो आणि उरलेली घरे शनिवारपर्यंत पूर्ण करतो. रविवारी रात्री साडेनऊला पुन्हा तिसऱ्या मजल्यावर उभे राहून नावे मोजीन आणि आकडा येथे लिहीन.