मंदीत आपण दुसऱ्यांच्या लढाईत पडावं का? सोलापूरच्या चौदा मागांवरून विचारतेय

चौदामाग_सोलापूर | 12 ऑक्टोबर 2025

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे चौदा माग आहेत. सासऱ्यांनी चार मागांवर सुरू केलेला कारखाना. आता माग मिस्टर बघतात. सूत, हिशेब आणि पॅकिंग माझ्याकडे. आम्ही थेट परदेशी माल पाठवत नाही. एका निर्यातदाराच्या ऑर्डरी विणून देतो.

आज पहिल्यांदा इथे लिहितेय, कारण कालपासून डोक्यातून जात नाही. गाझात युद्धबंदी झाल्याची बातमी आली आणि कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर वाद सुरू झाला. एकजण म्हणाले, आता तांबड्या समुद्राचा रस्ता खुला होईल, बरं झालं. दुसरे म्हणाले, दोन वर्षं आपण हात बांधून का बसलो? एवढं मोठं नौदल आहे, अमेरिकेबरोबर उतरायला पाहिजे होतं. तिसऱ्यांचं म्हणणं, इथे पाळ्या बंद पडताहेत आणि तुम्हाला तिकडच्या लढाईवर पैसा घालायचा आहे? मी चहा घेऊन आत आले, पण मला स्वतःला नक्की काय वाटतं ते सांगता येईना.

माझ्यावर काय बेतलं ते आधी सांगते. 2023 च्या दिवाळीनंतर ईस्टरच्या टॉवेलांची ऑर्डर मिळाली होती. पांढरा टॉवेल, किनारीत जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्रावर, विणलेली पिवळी कोंबडीची पिल्लं. एका ओळीत सात पिल्लं, सातव्याचं तोंड उलटीकडे. ते सातवं पिल्लू नीट येईना म्हणून मिस्टरांनी दोन रात्री मागापाशी काढल्या. चोच टॉवेलच्या लूपमध्ये, म्हणजे उभ्या धाग्यांच्या फाशांत, बुडायची. शेवटी चोचीपुरतं लूप काढून सपाट वीण घेतली तेव्हा जमलं.

आणि त्याच सुमाराला, 19 नोव्हेंबरला, येमेनच्या हुथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धावरून तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं. अशा हल्ल्यांच्या भीतीने डिसेंबरपासून कंटेनरची जहाजं तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली. आमचा पहिला लॉट मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात कंटेनरच्या वाटेकडे डोळे लावून तीन आठवडे पडून. अमेरिका-ब्रिटनने येमेनवर हल्ले केले तो दिवस मला पक्का आठवतो, 12 जानेवारी, आपल्या सोलापूरचा हुतात्मा दिन. त्या दिवशी वाटलं होतं, आता आठ-पंधरा दिवसांत मार्ग मोकळा होणार. पहिला लॉट पोचला तेव्हा ईस्टरला आठवडा राहिला होता. गिऱ्हाइकाने पैसे कापले, निर्यातदाराने ते आमच्यावर टाकले. दुसरा लॉट तर निघालाच नाही, ऑर्डरच रद्द. बावीसशे टॉवेल. ईस्टरचं पिल्लू इथे कोण घेणार? किलोवर विकले, उरलेले कामगारांना वाटले. आजही गल्लीत कुठेही हात धुतला तरी पुसायला तीच पिल्लं पुढे येतात आणि माझ्या पोटात कालवतं.

आता अमेरिकेची ड्यूटी. 7 ऑगस्टला 25 टक्के, 27 ऑगस्टपासून आणखी 25. टॉवेलवर मूळची 9.1 टक्के होतीच, म्हणजे 59.1. दुसरे 25 टक्के का, तर आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. युद्ध युक्रेनमध्ये, तेल रशियाचं, दंड माझ्या टॉवेलला. चौदापैकी नऊ माग चालू आहेत, तेही एकाच पाळीत. लक्ष्मीपूजन 21 तारखेला आहे आणि बोनसचे पैसे अजून जुळलेले नाहीत.

मनातली आणखी एक गोष्ट. माझा सख्खा भाचा नौदलात आहे. कुठल्या जहाजावर ते लिहीत नाही. चहाच्या गाड्यावर "उतरायला पाहिजे होतं" असं कोणी म्हटलं की मला आधी त्याचा चेहरा दिसतो.

म्हणून विचारते. जगाचा धंदा मंदावलेला असताना आपण दुसऱ्यांच्या लढाईत पडावं का? की मंदी हटावी म्हणूनच पडायला हवं? मला एवढंच उमगतं की वाट राखणं वेगळं आणि दुसऱ्याच्या घरात घुसणं वेगळं. पण समुद्रावर हा फरक खरंच करता येतो का? जाणकारांनी सांगावं.

---

मोहोळचा_न्हावाशेव्यात | 12 ऑक्टोबर 2025

ताई, मी मूळचा मोहोळचा, एकोणीस वर्षं न्हावाशेव्याला फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांचा माल जहाजाने पाठवून द्यायच्या धंद्यात आहे. तुमच्यासारखे कितीतरी लॉट मी त्या जानेवारीत यार्डात पडलेले पाहिलेत.

तुम्ही फरक विचारला, तर आधी एक धंद्यातली गोष्ट. जहाज कुठून न्यायचं हे नौदल ठरवत नाही. शिपिंग लाइन ठरवते, आणि लाइन विम्याकडे बघते. 2024 च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातून एक फेरी मारायची तर युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याजवळ गेला होता. दहा कोटी डॉलरचं जहाज धरा, एका फेरीला दहा लाख डॉलर. त्यापेक्षा केप ऑफ गुड होपला वळसा घालून दहा-चौदा दिवस जास्तीचं इंधन जाळणं लाइनला परवडतं. वळशामुळे रिकामे कंटेनर उशिरा परत येतात, म्हणून इथे टंचाई. तुमचे तीन आठवडे त्यातच गेले.

आता बंदुकीचं बघा. युरोपचं नौदल फेब्रुवारी 2024 पासून जहाजांना सोबत करतंय, पण कंटेनरवाल्या बहुतेक मोठ्या लाइन परतल्या नाहीत. अमेरिकेने यंदा 15 मार्चपासून 6 मेपर्यंत येमेनवर जोरात बॉम्बफेक केली आणि ओमानच्या मध्यस्थीने थांबवली. पुढे जुलैत हुथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी अशी दोन जहाजं एकाच आठवड्यात बुडवली. म्हणजे सोबत करूनही वाट उघडली नाही आणि घुसूनही नाही.

पण आपलं नौदल हात बांधून बसलं होतं हे त्या काकांचं म्हणणं मला मान्य नाही. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने चाळीस तास पाठलाग करून रुएन हे जहाज सोडवलं. पस्तीस चाचे शरण आले, सतरा खलाशी सुखरूप. त्याच महिन्यात ट्रू कॉन्फिडन्स या मालवाहू जहाजावर हुथींचं क्षेपणास्त्र पडलं तेव्हा एकवीस जणांना कोलकातानेच उचललं. चाच्याला पैसा पाहिजे असतो, धाक बसला की तो पळतो. हुथींना राजकारण करायचं आहे, ते धाकाने पळत नाहीत. तुमचा वाट राखण्याचा फरक चाच्यांपुरता शंभर टक्के खरा आहे.

---

पार्कचौक_ते_पुणे | 13 ऑक्टोबर 2025

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका. माझे वडील टॉवेलच्याच धंद्यात होते.

तांबड्या समुद्रातली जहाजं राखायला अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये आघाडी उभी केली, तिच्यात आपण गेलो नाही. आपली जहाजं पाठवली, पण वेगळी. त्यामुळे आपल्याला किंमत मोजावी लागली नाही असं नाही, ताईंच्या बावीसशे टॉवेलांनी मोजली. युरोपला जाणारा आपला बहुतेक माल त्याच वाटेने जायचा. वाट आपली आणि राखायची दुसऱ्यांनी, हे कुठवर चालणार? चीनने 2017 मध्येच तांबड्या समुद्राच्या तोंडाशी जिबूतीला तळ उभारला, ती वाट त्यांना आपल्याइतकीच लागते म्हणून. मंदीत खर्च नको हे कळतं, पण ज्याच्या हातात वाट नाही त्याची मंदी दुसरे ठरवतात. आघाडीत असतो तर निदान ठरवणाऱ्यांच्या टेबलापाशी तरी असतो. कदाचित तेलाच्या प्रश्नावरही ऐकून घेतलं गेलं असतं.

---

निवृत्त_शिक्षक_सोलापूर | 13 ऑक्टोबर 2025

पार्कचौक, तुमच्या टेबलाच्या मुद्द्यावरून सुएझ आठवलं. चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यात हा धडा मी कधी घाईत उरकला नाही.

जुलै 1956 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा राष्ट्रीय केला. वाट आपल्या हातातून जाईल म्हणून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल ऑक्टोबरअखेर इजिप्तवर चालून गेले. इजिप्तने कालव्यात जहाजं बुडवली आणि जी वाट राखायला हे निघाले होते ती एप्रिल 1957 पर्यंत बंद पडली! ब्रिटनला माघार का घ्यावी लागली, तर पौंड घसरत होता आणि माघार घेतल्याशिवाय नाणेनिधीचा पैसा मिळू द्यायला अमेरिका तयार नव्हती. सैन्य जिंकत होतं, तिजोरी हरली. आणि ब्रिटन तर ठरवणाऱ्यांच्या टेबलापाशीच बसलेला होता. नंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तिच्यात भारतीय जवान 1967 पर्यंत होते. ताई, वाट राखणं आणि घरात घुसणं हा तुमचा फरक तिथे उघड दिसतो. आपले जवान दोन्ही बाजूंच्या मधे उभे होते.

पण गरीब देशाने कधीच पडू नये असंही मी म्हणणार नाही. 1971 मध्ये मी सोळा वर्षांचा होतो. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं आपल्याकडे आली होती. त्या नोव्हेंबरपासून पत्रावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. आमच्या घरी पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. पंढरपूरच्या आत्याला पत्र टाकायचं म्हटलं की आई पाच पैसे वेगळे काढून माझ्या तळहातावर ठेवायची. एकदाही कुरकुरली नाही. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, सोलापूर जिल्ह्यात माणसं खडी फोडायला गेली, तरी ते पाच पैसे वाया गेले असं मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. तिथे आपल्या दारात माणसं येऊन उभी होती. येमेनच्या बाबतीत तसं काही नव्हतं. मला निर्णयाची खूण ही वाटते. खर्चाचा आकडा नंतर.

---

पाळी_नंबर_दोन | 14 ऑक्टोबर 2025

मी मागावर काम करतो. वरच्या ताईंच्या कारखान्यात नाही, दुसरीकडे. जगाची मंदी आम्हाला आकड्यात कळत नाही ओ, मालक रात्रपाळी बंद म्हणाला की कळते. मीटरवर मजुरी हाय, माग थांबला की मजुरी थांबली. महिनाभर घर बायकोच्या विड्यांवर चाललंय. ती हजार विड्या वळते दिवसाला, पानं बरी मिळाली तर.

माझा चुलता कुवेतला होता. 1990 ला सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा अम्मानपर्यंत रस्त्याने आला आणि तिथून आपल्या विमानाने मुंबईला. एक पिशवी घेऊन. तेव्हा आपण कोणाशी लढलो नाही, आपली लाख-दीड लाख माणसं तेवढी आणली. मला वाटतं आपलं पडणं असं असावं. चुलता नंतर माग चालवायला शिकला, वय झालं तरी सूत जोडायला त्याच्यासारखा हात नव्हता कोणाचा.

---

निवृत्त_शिक्षक_सोलापूर | 14 ऑक्टोबर 2025

पाळी नंबर दोन, तुमच्या चुलत्यांचं वाचून बरं वाटलं. त्यात एक भर घालतो. त्या आखाती युद्धात आपण लढलो नाही, पण तेल भडकलं, तिकडून घरी येणारा पैसा आटला, आणि 1991 मध्ये 47 टन सोनं बाहेर गहाण ठेवायची पाळी आली. लढाईत न पडल्याने झळ चुकत नाही हे पार्कचौक यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

---

मोहोळचा_न्हावाशेव्यात | 15 ऑक्टोबर 2025

नाणेनिधीचा नवा अंदाज काल आला. जगाची वाढ 2024 ला 3.3 टक्के होती, यंदा 3.2, पुढच्या वर्षी 3.1. कोसळलेलं काही नाही, हळूहळू ओसरतंय. अशा वेळी गिऱ्हाईक सगळ्यात आधी ज्याच्याशिवाय भागतं ती वस्तू थांबवतं, आणि जुना टॉवेल आणखी वर्षभर चालतो.

ताई, एक विचारू? ईस्टरच्या मालाचा करार एफओबी होता का? तसा असेल तर माल जहाजावर चढल्यानंतरच्या उशिराची जोखीम गिऱ्हाइकाची. त्या उशिराचे पैसे तुमच्याकडून कापायचं कारण नव्हतं.

---

चौदामाग_सोलापूर | 16 ऑक्टोबर 2025

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. सरांच्या आईच्या पाच पैशांपाशी आले तेव्हा दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

पार्कचौक, राग अजिबात नाही. बावीसशे टॉवेलांनी किंमत मोजली हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण ती मोजूनही भाच्याला येमेनच्या किनाऱ्यावर पाठवायला मी हो म्हणणार नाही. खलाशी उचलायला, चाच्यांना धरायला जाऊ दे, रात्ररात्र झोप लागली नाही तरी चालेल. विम्याचा हप्ता उतरणार नसेल तर आपल्या बॉम्बने माझा कंटेनर एक दिवसही आधी पोचत नाही, हे मोहोळच्या भाऊंमुळे कळलं. दोन वर्षं मी उगीच तोफांच्या बातम्या बघत बसले होते.

भाऊ, करार निर्यातदार आणि गिऱ्हाइकात होता, आमच्याकडे फक्त विणाईची ऑर्डर. आज जुनी फाइल काढली. निर्यातदाराच्या ऑर्डरवर "एफओबी न्हावाशेवा" असं स्पष्ट छापलंय, आणि आमच्या बिलातून कापलेली रक्कम त्याखाली पेनाने लिहिलेली आहे. दिवाळीनंतर तो कागद घेऊन त्यांच्या ऑफिसात जाणार आहे. दुसऱ्या लॉटचं काय, तो तर जहाजावर चढलाच नव्हता, त्याचं काही मागता येईल का तेही सांगा.

पाळी नंबर दोन, बोनस शनिवारी देतोय. पूर्ण जमला नाही, निम्मा आता, निम्मा कार्तिकात. पाच माग इथल्या बाजाराच्या साध्या नॅपकिनला लावायचे ठरवलंय, उद्यापासून बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, बदलायला घेतोय. तुमच्याकडे रात्रपाळी सुरू झाली नाही तर या, जागा आहे. चुलते असतील तर त्यांनाही आणा, पाच बीमचं सूत जोडायचं आहे.