पहिली-दुसरीच्या मुलांना समता शिकवायची कशी?

प्रश्न : वर्गशिक्षिका, जि. प. शाळा
पोषण आहाराच्या पंगतीत मुलं वस्तीप्रमाणे वेगळी बसतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना ‘भेदभाव’ कसा समजावायचा?

सुनंदाताई
शब्द राहू द्या, आधी पंगत बदला. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून चार-चारांचे गट करा आणि आठवडाभर तेच ठेवा. रोज बदललेत तर ओळखच होत नाही, महिनाभर ठेवलेत तर नवे कंपू होतात. वाढायचं काम पाळीपाळीने सगळ्यांना द्या. आणि माठाकडे लक्ष असू द्या. कुणाच्या हातचं ओगराळं घ्यायला कोण बिचकतं, ते तिथेच कळतं. बिचकणाऱ्याला चारचौघांत रागावू नका. सगळ्यांच्या नजरा दुखावलेल्या मुलाकडेच वळतात. बिचकणाऱ्याशी नंतर बाजूला घेऊन बोला.

गुरुजी
शिष्यवृत्तीची नावं वर्गात पुकारू नका. जात जाहीर होते ती बहुतेकदा तिथेच. कागद थेट पालकांकडून घ्या. ‘अर्धे राजे, अर्धे नोकर’ असले खेळही नकोत. जे मूल रोज सोसतं, त्याला तेच पुन्हा सोसावं लागतं.

वर्गशिक्षिका
पण पालकच म्हणाले, ‘आमच्या मुलाला त्याच्याशेजारी बसवू नका’, तर?

सुनंदाताई
शांतपणे, पण ठाम नकार द्या. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ९ प्रमाणे वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. बोलताना मुख्याध्यापकांना सोबत घ्या, एकट्याने वाद घालू नका.